चावडीवर वाचलेला सातबारा



आज सातबाऱ्याचा इतिहास सांगते. निंदणापासून कापूस वेचणीपर्यंत शेतात राबते बाई, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. नाव नसलं की पीककर्ज अडतं, अनुदान अडतं. धनी वारल्यावर तर हे फार जाणवतं. हे नाव लिहितं कोण, आणि तपासतं कोण?

आपला यवतमाळ जिल्हा वऱ्हाडातला. 1956 साली तो मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. त्यानंतर जमीन महसूल संहिता, 1966 हा साऱ्या राज्याचा एक कायदा झाला. गाव नमुना सात आणि बारा मिळून सातबारा. मालकी बदलली की त्याची नोंद फेरफारात होते. आपण ज्यांना पटवारी म्हणतो, त्या तलाठ्यानं फेरफार लिहिला की त्याची नक्कल चावडीवर लावायची आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवायचं, असं या कायद्याचं कलम 150 सांगतं. हरकत असेल तर घेता येते. म्हणजे नोंद पटवाऱ्याच्या हातची असली, तरी ती पाहायचा हक्क गावाचा.

पण लावलेला कागद वाचणार कोण? आपल्या सासवांपैकी किती जणींना वाचता येत होतं? म्हणून चावडी वाचनाला मोल आहे. गाव जमवून नोंदी मोठ्यानं वाचायच्या. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही कान आहेत. "तो तर वारला, त्याच्या बायकोचं नाव कुठाय?" हे विचारायला शिक्षण लागत नाही.

मग संगणक आला. हातानं लिहिलेले सातबारे त्यात भरताना नावं चुकली, क्षेत्रं चुकली. त्या चुका दुरुस्त करण्यासाठी 2017 च्या सुमारास सरकारला पुन्हा चावडी वाचनच घ्यावं लागलं. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तालुक्याची खेप वाचली, हे खरंच. पण यंत्र दिलं तेवढंच दाखवतं. मेलेल्या माणसाचं नाव तसंच राहिलं, तर सहीसकट तसंच छापून येतं.

हे 2025 साली ठळक दिसलं. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली 'जिवंत सातबारा' मोहीम 1 एप्रिलपासून राज्यभर राबवली गेली. तिची पहिली पायरी काय होती? पहिले पाच दिवस चावडी वाचन करून वारलेल्या खातेदारांची यादी करायची. नंतर वारसांचे कागद, आणि मग ई-फेरफार. इतकं सारं ऑनलाइन झाल्यावरही कोण हयात आहे, हे गावालाच विचारावं लागलं.

हिंदू वारसा कायदा 1956 चा. मृत्युपत्र नसेल, तर विधवा, मुलगे, मुली आणि आई हे चौघंही पहिल्या वर्गाचे वारस आहेत. वाचनाला फक्त पुरुष बसले, तर मुलांची नावं निघतात आणि बाईचं राहून जातं. ते सांगायला बाईच हजर पाहिजे.

एक सावधगिरी. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. नाव, गट क्रमांक, क्षेत्र मोठ्यानं वाचा. आधार क्रमांक आणि बँक खातं चारचौघांत वाचू देऊ नका.

तर पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की प्रत्येकीच्या घरचा सातबारा काढून वाचा. मोबाईलवर तो फुकट पाहता येतो. डिजिटल सहीची प्रत 15 रुपयांत मिळते. ज्या घरात वारसनोंद राहिली आहे, तिथं मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन पटवाऱ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या. एकटीला उद्या या म्हणतात; दहा जणी गेल्या की रजिस्टर उघडतं. आणि गावात चावडी वाचनाची दवंडी झाली, तर त्या दिवशी मजुरीला थोडं उशिरा जा, पण वाचनाला जा.