खानदेशातील लोकसहभागी वनसंवर्धन

खानदेशच्या उत्तरेला सातपुडा आणि पश्चिमेला सह्याद्री आहे. या डोंगरांवरील बहुतेक जंगल शुष्क पानझडी असून त्यात साग, धावडा, सालई, तेंदू आणि मोह ही झाडे आढळतात. 1818 मध्ये हा मुलूख इंग्रजी अमलाखाली आला. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरवली गेली. जळण, चराई आणि वनोपज यांवरचा गावाचा वहिवाटी हक्क तेव्हा सरकारी सवलत बनला. ही घडी बदलायला शंभराहून अधिक वर्षे लागली. केंद्र सरकारने 1990 मध्ये वनव्यवस्थापनात गावांना सहभागी करून घेण्याचे धोरण जाहीर केले आणि 1992 मध्ये महाराष्ट्राने त्याचा शासन निर्णय काढला.

याच सुमारास धुळे जिल्ह्यातील बारीपाड्यात प्रत्यक्ष काम उभे राहिले. साक्री तालुक्यातील या कोकणा आदिवासी पाड्याभोवतीचे डोंगर तोडीमुळे उघडे पडले होते, उन्हाळ्यात पाण्याची टंचाई होती आणि लोक कामासाठी बाहेर जात. गावातल्याच चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने वनसमिती नेमली, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, दंड ठरवले आणि पाळीपाळीने राखण सुरू केली. वनवासी कल्याण आश्रम या संस्थेची त्यांना साथ होती. अशा प्रकारे सुमारे 445 हेक्टर जंगल राखले गेले.

या नियमांना वनशास्त्राचा आधार आहे. पानझडी जंगलात झाड तोडले तरी मुळे बरेचदा जिवंत राहतात. गुरे आणि कुऱ्हाड थांबली की खुंटातून फुटवे येतात, त्यामुळे सगळीकडे नवी लागवड करावी लागत नाही. फुटव्यांना ओल मिळावी म्हणून श्रमदानातून माथ्यावर सलग समतल चर खणले गेले आणि ओहोळांवर बांध घातले गेले. उतारावरचे पाणी तिथे मुरले, विहिरींची पातळी वाढली आणि शेतीला आधार मिळाला. संशोधकांच्या सहभागातून 2004 पासून वनभाजी स्पर्धा भरू लागली. तिच्यामुळे रानभाज्यांबद्दलचे स्त्रियांचे ज्ञान नोंदले गेले. 2025 मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

खानदेशच्या पूर्व टोकाला मुक्ताईनगर तालुक्यात वेगळी वाट धरली गेली. या तालुक्याच्या वढोदा वनक्षेत्रात, डोलारखेडा परिसरात वाघांचा वावर आहे. मेळघाट आणि यावल यांच्या दरम्यानच्या संचारमार्गात हा पट्टा येतो. इथे 2014 मध्ये सुमारे 122 चौरस किलोमीटरचे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. 2002 च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात आलेल्या या प्रकारात व्यवस्थापन समिती असते. तिच्यावर हद्दीतील प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी आणि कृषी व पशुसंवर्धन विभागांचे प्रतिनिधी असतात.

मात्र या समितीचे काम सल्ला देण्यापुरते आहे. बारीपाड्यात राखणीचे नियम गावाने स्वतः केले आणि स्वतः पाळले. वनसंवर्धन तिथे रुजले ते यामुळेच.