बाटलीतला शेवटचा बेडूक

जिममध्ये घाम गाळून कमावलेले दंड आपल्या मुलांना आयते मिळतील का? आज आपण हसून नाही म्हणू. शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नावर शास्त्रज्ञ हमरीतुमरीवर आले होते.

आयुष्यात कमावलेले बदल पुढच्या पिढीत उतरतात, असं फ्रान्सच्या लामार्कने १८०९ साली मांडलं. पुढे जर्मनीच्या वाइसमानने पिढ्यान्‌पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या. एकही पिल्लू बिनशेपटीचं जन्मलं नाही. पण लामार्कवाले म्हणाले, शेपूट तोडणं ही इजा झाली, कमाई नव्हे.

मग आला व्हिएन्नाचा पाउल कामेरर. त्याने निवडला मिडवाइफ टोड, म्हणजे सुईण बेडूक. यातला नर अंड्यांची माळ स्वतःच्या मागच्या पायांना गुंडाळून फिरतो, म्हणून हे नाव. बहुतेक बेडकांचा समागम पाण्यात होतो. निसरडी मादी धरता यावी म्हणून त्या नरांच्या हातांवर काळे, खरखरीत गादे येतात. सुईण बेडकाचा समागम जमिनीवर होतो, त्यामुळे त्याला ते नसतात. कामेररने तापमान वाढवून या बेडकांना पाण्यात जायला भाग पाडलं. काही पिढ्यांनंतर नरांना गादे आले, असा त्याचा दावा होता.

इंग्लंडच्या बेटसनला तो पटला नाही. त्यात महायुद्ध झालं आणि पुराव्यादाखल गादेवाला एकच नमुना उरला. बॅकअप नाही!

१९२६ साली अमेरिकेच्या नोबलने व्हिएन्नात जाऊन तो नमुना तपासला. काटेरी गाद्यांचा मागमूस नव्हता. काळा रंग होता, पण तो शाईचा. ऑगस्टमध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं. २३ सप्टेंबरला कामेररने डोंगरावर जाऊन स्वतःला गोळी घातली. शाई मी घातली नाही, असं त्याने शेवटच्या पत्रात लिहिलं होतं.

मग कुणी घातली? आजवर कळलेलं नाही. १९७१ साली आर्थर कोस्लरने त्याची बाजू घेत अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे एपिजेनेटिक्स आलं. डीएनएचा मजकूर न बदलता जनुकं चालू-बंद करणाऱ्या काही खुणा वनस्पतींत आणि कृमींत पुढच्या पिढ्यांपर्यंत जातात, हे दिसलं. पण त्यातल्या बऱ्याच थोड्या पिढ्यांत पुसल्या जातात, त्यामुळे लामार्क जिंकला असं म्हणता येत नाही.

मी कोड लिहितो. ‘माझ्या मशीनवर चालतं’ या वाक्याला आमच्याकडे किंमत नसते. कामेररचा प्रयोग दुसऱ्या कुणाच्या हातून पुन्हा झाला असता, तर त्या एका बाटलीवर कुणाचा जीव टांगला नसता.