दप्तर गावाचे की गावकीचे?

महाडचा सत्याग्रह म्हटला की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो. बाबासाहेबांची ओंजळ आठवते. पण त्यानंतरची दहा वर्षे आपल्या भाषणांत फारशी येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्याचा खटला निकाली काढला तो १७ मार्च १९३७ रोजी. एका तळ्याच्या पाण्यासाठी बाबासाहेब दहा वर्षे कोर्टात लढत होते, आणि ती लढाई होती कागदांची.

थोडे मागे जाऊ. १९२३ साली रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. सत्याग्रहानंतर, ४ ऑगस्ट १९२७ ला, त्याच नगरपालिकेने तो फिरवला. डिसेंबरमधली दुसरी परिषद तोंडावर असताना सवर्णांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम आणला. त्यांचे म्हणणे काय? तर हे 'चौधरी तळे' आहे, खाजगी आहे. हे म्हणणे टिकले नाही, कारण सिटी सर्व्हेत तळे सरकारी जागा म्हणून नोंदलेले होते आणि पुढे ते नगरपालिकेकडे आले होते. मग उरला रूढीचा दावा. अनादी काळापासून अस्पृश्यांना बंदी होती, हे त्यांना सिद्ध करता आले नाही आणि अपील फेटाळले गेले. खाजगी मालकीचा दावा पाडायला सरकारी दप्तरातली नोंद कामी आली, हे आपण लक्षात ठेवायला हवे.

ही गोष्ट आम्ही आज का काढतो आहोत? करडी आणि आसपासच्या गावांतली आमची तरुण मुले विचारतात, "अर्ज-बिर्ज करून काय होणार? आपली लढाई रस्त्यावरची." आम्हाला रस्ता मान्य आहे. पण रस्त्यावर जिंकलेले कागदावर हरवले जाते, हा आपला इतिहास आहे.

गावाचे दप्तर कुणाच्या हातात होते ते पाहा. देशावर कुळकर्णी. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली पूर्ण केला, त्यात कुळकर्ण्याच्या लेखणीने शेतकरी कसा नागवला जातो याचा हिशेब मांडला आहे. महाराचे काम काय? सारा तालुक्याला पोचवायचा, सरकारी कागद वाहायचा, आणि शिवेचा तंटा झाला की उभे राहून साक्ष द्यायची. गावाची शीव कुठे जाते हे महाराच्या तोंडी असे आणि त्याचा शब्द प्रमाण मानला जाई. पण शीव कागदावर उतरली की तो कागद त्याला वाचता येत नसे.

आपला भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला. इथे कुळकर्ण्याची जागा पटवाऱ्याची, आणि त्याच्या वर मालगुजार. मोहाडी, साकोली, लाखांदूर, कुठेही जा, धानाच्या बांध्यांच्या मध्ये मालगुजारी तळे दिसेल. त्या तळ्याचे पाणी कुणाला, गाळ कुणाला, सरण-जळण कुठून घ्यायचे, गुरे कुठे चारायची, हे हक्क बंदोबस्ताच्या वेळी 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात लिहिले गेले. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, तळी सरकारजमा झाली. पण कागद गेला नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १६१ पासून निस्तारपत्रक आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज आजही आहे. आपल्या वस्तीतल्या किती जणांनी आपल्या गावाचे निस्तारपत्रक डोळ्यांनी पाहिले आहे? आमच्या बैठकीत आम्ही हा प्रश्न विचारला तेव्हा एकही हात वर आला नाही. (आमच्यातल्या दोघांचाही नाही, हे कबूल करतो.)

आता जमिनीकडे येऊ. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. लाखोंनी माणसे रस्त्यावर आली, बायाबापड्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. त्या मागणीची धग सरकारला कितीतरी वर्षे जाणवत राहिली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली सरकारी गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची. पण अतिक्रमण होते हे सिद्ध कशाने करायचे? तलाठ्याकडच्या गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, नाव असले तर काम सोपे. नसले तर जुन्या दंडाच्या पावत्या आणि पंचनामे शोधत फिरा. ज्याने वीस वर्षे जमीन कसली पण ज्याचे नाव त्या वहीत चढलेच नाही, त्याला सत्याग्रहाचे फळ मिळाले नाही. रस्त्यावरच्या लढाईचा निकाल असा एका वहीत अडकून पडतो.

आणि मोहाडी तालुक्यात बसून जमिनीबद्दल लिहिताना खैरलांजी कशी टाळायची? २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसे मारली गेली. त्यामागे त्यांची शेती आणि शेतातून काढायच्या वाटेचा वाद होता. दलिताच्या सातबाऱ्यावरची दोन-चार एकर जमीनसुद्धा गावकीच्या डोळ्यांत किती सलते, हे या तालुक्याला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणूनच नोंद मागणे हे काम एकट्यादुकट्याने करू नये, असे आमचे ठाम मत आहे.

माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला. त्यामागे राजस्थानातल्या मजूर-किसानांनी १९९४ पासून घेतलेल्या जनसुनवाया आहेत. हजेरीपटावर मेलेल्या माणसांची नावे वाचून दाखवली की गाव आपोआप बोलू लागे. त्या लोकांनी मागितले ते बिले, व्हाउचर आणि हजेरीपट.

ग्रामपंचायतीत आपणही तेच मागायचे आहे. स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करणे ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. तो पैसा रोकडवहीत कशावर पडला आहे? दलित वस्ती सुधार योजनेतला रस्ता कुणाच्या दारापर्यंत गेला? घरकुलाची यादी ग्रामसभेत खरेच वाचली गेली, की इतिवृत्तावर सह्या नंतर घेतल्या? नमुना ८ मध्ये आपल्या घराची नोंद कुणाच्या नावे आहे?

एका ग्रामपंचायतीत (गावाचे नाव मुद्दाम देत नाही) आम्हाला "दप्तर घरी आहे" असे उत्तर मिळाले. कुणाच्या घरी, ते सांगितले नाही. आम्ही लेखी अर्ज दिला, पोच घेतली. तीस दिवस गेले, उत्तर आले नाही. पंचायत समितीकडे पहिले अपील केले. सुनावणीच्या आधीच निरोप आला, "या, वही पाहून घ्या." वहीत ग्रामसभेला हजर म्हणून एका आजीचा अंगठा होता. आजी त्या दिवशी लेकीकडे नागपुरात होती.

हा दरवाजा आता अरुंद केला जातो आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मधल्या जुन्या अटी काढून 'वैयक्तिक माहिती' एवढेच कारण नकाराला पुरेसे केले आहे. लाभार्थ्यांची यादी मागितली की उद्या हेच उत्तर येईल. तेव्हा कलम ८(२) मधले व्यापक जनहित अर्जातच लिहा. लाभार्थ्यांचे आधार किंवा बँक खाते क्रमांक मागू नका, त्यांची आपल्याला गरजही नाही.

अर्ज दहा रुपयांचा, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फुकट. नक्कल घेण्याआधी पाहणी मागा, तो हक्क कायद्याच्या व्याख्येतच आहे. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय व त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. जाताना चौघे-पाचजण जा, त्यात एक वाचणारी मुलगी आणि एक जुने म्हातारे माणूस असू द्या. मुलगी वही वाचेल, म्हातारे माणूस सांगेल की नोंदीतले नाव त्या वर्षी जिवंत होते की नाही.

जय भीम!