‘मोरिया’ आणि ‘साल्सेट’ : दोन टपालबोटींच्या रचनेचा विचार

विनायक दामोदर सावरकरांनी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीतून टाकलेली उडी महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या उडीविषयी विपुल लिहिले गेले आहे. परंतु ज्या बोटीतून ती टाकली गेली ती बोट कशी होती, तिची लांबीरुंदी किती, तिची यंत्रे कोणत्या प्रकारची, ती कोणत्या मार्गासाठी बांधली होती, हे प्रश्न आपल्या अभ्यासकांनी क्वचितच विचारले आहेत. घटनेला नाट्य असले की तिच्या भोवतालच्या वस्तू अंधारात राहतात. लोकप्रिय लेखनात तर ‘मोरिया’ ही बोट सावरकरांना घेऊन थेट मुंबईस आली असे सर्रास गृहीत धरले जाते. वस्तुतः मुंबईस त्यांना आणले ते ‘साल्सेट’ या दुसऱ्याच बोटीने. हा फरक का पडला, याचे उत्तर चरित्रग्रंथांपेक्षा या दोन बोटींच्या बांधणीत अधिक स्पष्टपणे सापडते.

‘मोरिया’ ही पेनिन्शुलर अँड ओरिएंटल, म्हणजे आपल्याकडे ‘पी. अँड ओ.’ या नावाने परिचित असलेल्या कंपनीची बोट. ग्लासगो येथील बार्कले, कर्ल आणि कंपनीच्या गोदीत ती १९०८ साली बांधली गेली. १९०३ ते १९११ या काळात कंपनीने ‘म’ या आद्याक्षराच्या दहा मोठ्या टपालबोटी बांधल्या. ‘मोल्डाविया’, ‘मंगोलिया’, ‘मार्मोरा’, ‘मॅसिडोनिया’, ‘मुलतान’, ‘मालवा’, ‘मांटुआ’, ‘मोरिया’, ‘मलोजा’ व ‘मेदिना’ ही ती दहा नावे. ‘मोरिया’ची लांबी सुमारे ५४० फूट, रुंदी ६१ फूट आणि नोंदणीचा एकूण टनभार सुमारे १०,९०० होता. येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रवासी बोटीचा हा ‘टन’ वजनाचा नव्हे, आकारमानाचा होय. शंभर घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन. ‘दहा हजार टन वजनाची बोट’ असे जे आपल्याकडे लिहिले जाते, ते म्हणून चूक आहे. ‘मोरिया’च्या पोटात जवळजवळ अकरा लाख घनफूट बंदिस्त जागा होती, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

हे आकारमान त्या काळी मोठे होते काय? अटलांटिक महासागरावर १९०७ साली ‘लुसिटानिया’ व ‘मॉरेटानिया’ या बोटी धावू लागल्या होत्या. त्या ‘मोरिया’च्या जवळजवळ तिप्पट टनभाराच्या होत्या, त्यांना वाफेची टर्बाइन यंत्रे होती आणि त्यांचा वेग ताशी पंचवीस सागरी मैलांचा होता. त्यांच्याशेजारी ‘मोरिया’ मागासलेली वाटेल. परंतु पूर्वेकडील बोटीला सुएझ कालवा ओलांडावा लागे. त्या सुमारास कालव्यातून जाणाऱ्या जहाजाचा पाण्याखालील भाग सुमारे २८ फुटांपर्यंतच चाले आणि जकात टनभारावर मोजली जाई. प्रत्येक जादा टनाचे मोल कंपनीला दर खेपेस मोजावे लागे. शिवाय लंडनहून ऑस्ट्रेलियास जाणारी बोट वाटेत अनेक बंदरांत कोळसा घेई, आणि कोळशाची किंमत पूर्वेकडे जावे तशी वाढत जाई. म्हणून टर्बाइनच्या वेगापेक्षा काटकसर करणारे यंत्र कंपनीने पसंत केले, यात नवल नाही. ‘मोरिया’ला चतुर्गुण प्रसरणाची दोन यंत्रे होती. एकच वाफ एकामागून एक अशा वाढत्या व्यासाच्या सिलिंडरांतून चार टप्प्यांनी प्रसरण पावे आणि प्रत्येक टप्प्यावर दट्ट्याला रेटा देई. दोन यंत्रे दोन पंखे फिरवीत. एक निकामी झाले तरी दुसऱ्यावर बोट बंदर गाठू शके. १९०६ च्या जूनमध्ये सावरकर ज्या बोटीने विलायतेस गेले ती ‘पर्शिया’ १९०० साली बांधलेली, एकाच पंख्याची आणि सुमारे आठ हजार टनांची होती. चार वर्षांनी ते परतले ते कंपनीच्या पुढच्या पिढीतील बोटीवरून.

अंतर्भागाची वाटणी हा विषय अधिक बोलका आहे. ‘मोरिया’वर पहिल्या वर्गाचे सुमारे चारशे व दुसऱ्या वर्गाचे सुमारे दोनशे प्रवासी मावत, तिसरा वर्ग नव्हताच. अटलांटिकवरील बोटींचे उत्पन्न गरीब स्थलांतरितांवर बरेच अवलंबून असे. पूर्वेकडील टपालबोट अधिकारी, लष्करी अंमलदार व व्यापारी यांच्यावर चाले. मग गरीब माणूस बोटीवर होता कोठे? तो खलाशी होता. पी. अँड ओ.च्या बोटींवर डेकचे काम करणाऱ्यांत रत्नागिरीकडील कोकणी मुसलमानांची संख्या मोठी होती, खानपानाकडे गोव्याचे ख्रिस्ती होते, तर भट्ट्यांपाशी पंजाबी व सिद्दी राबत. सारंग व टिंडेल यांच्या हुकुमाखाली हा सारा कारखाना चाले. ब्रिटिश कायद्यान्वये गोऱ्या खलाशास निजण्याराहण्यास ७२ घनफूट जागा देणे १८९४ च्या कायद्यानेही बंधनकारक होते, व १९०६ च्या कायद्याने ती १२० घनफुटांवर नेली. हिंदी कायद्याखाली भरती झालेल्या खलाशाला मात्र ३६ घनफूट पुरेसे मानले जाई. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी ती जागा. नकाशा आखणाऱ्याच्या दृष्टीने ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. शेकडो माणसांमागे वाचलेली ती जागा खोल्यांना व दिवाणखान्यांना मिळत असे. बोटीच्या ऐसपैस सलूनांचे कौतुक करणाऱ्या प्रवासवर्णनांत हा हिशेब येत नाही.

आता त्या खिडकीकडे वळू. वातानुकूलन नसलेल्या त्या काळात तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या बोटीला बाजूच्या गोल झरोक्यांखेरीज हवेचा दुसरा भरवशाचा मार्ग नव्हता. पंखे व वातनलिका पूरक होत्या. शौचकूपे व न्हाणीघरे यांचे सांडपाणी सरळ समुद्रात सोडावयाचे असल्याने त्यांतील काही बोटीच्या कडेला असणे सोयीचे होते, आणि तेथेही झरोका असे. थोडक्यात, कैद्याला एकटे जाऊ द्यावे लागेल अशी खोली आणि बाहेर उघडणारे छिद्र या दोन गोष्टी उष्ण मार्गावरील बोटीच्या रचनेत एकत्र येत. पहारेकऱ्यांचा निष्काळजीपणा हा भाग आहेच. परंतु प्रवासी बोट ही तुरुंग म्हणून बांधलेली नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. उडीचे अंतर वाढवून सांगण्याची प्रथा मात्र टाळावी. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिलेल्या निवाड्यात घटनाक्रम थोडक्यात नोंदला आहे : बोट ७ जुलै १९१० च्या संध्याकाळी मार्सेयला आली; ८ तारखेच्या सकाळी कैदी निसटून पोहत किनाऱ्यास लागला व धावू लागला; फ्रेंच सागरी पोलिसांच्या ब्रिगेडियरने त्याला पकडून बोटीवर परत नेले; ९ तारखेस बोट सुटली. बोट बंदरात होती, भर समुद्रात नव्हे. हे मान्य केल्याने धाडसाला उणेपणा येत नाही. उलट, फ्रान्सची भूमी इतक्या जवळ होती म्हणूनच हा खटला आंतरराष्ट्रीय झाला.

‘मोरिया’ मुंबईची बोट नव्हती, ती ऑस्ट्रेलियाच्या मार्गावरची. मग मुंबईच्या टपालाचे व उतारूंचे काय? यासाठी कंपनीने १९०८ साली ‘साल्सेट’ ही बोट ग्रीनॉक येथील केर्ड कंपनीकडून बांधून घेतली. नाव आपल्या ओळखीचे आहे. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी म्हटले जाणारे मुंबईलगतचे बेट, त्याचे हे इंग्रजी रूप. ही बोट सुमारे ५,८०० टनांची, ४४० फूट लांब, पांढऱ्या रंगाची, सडपातळ आणि ताशी वीस सागरी मैल वेगाची होती. आकाराने ‘मोरिया’च्या निम्मी, वेगाने तिच्या पुढे. एडनला ऑस्ट्रेलियाची बोट आली की टपालाच्या थैल्या व उतारू चढवून घ्यायचे आणि मुंबईकडे धाव ठोकायची, एवढेच तिचे काम. पश्चिमेच्या टोकाला हीच योजना दुसऱ्या रूपाने होती : लंडनचे टपाल आगगाडीने इटलीतील ब्रिंडिसीपर्यंत येई व तेथून ‘आयसिस’ आणि ‘ओसायरिस’ या लहान वेगवान बोटी ते पोर्ट सैदला मोठ्या बोटीवर पोहोचवीत. (कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना इटलीतूनच येत होते, ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले, हे येथील वाचकांना आठवेल.)

आकडेही या क्रमाशी जुळतात. मार्सेय ते एडन हे अंतर कालव्यासह सुमारे २,९०० सागरी मैल. ताशी सोळा मैलांनी साडेसात दिवस. त्यात कालव्यातील संथ गती आणि पोर्ट सैदचा कोळसा मिळवला म्हणजे ९ जुलैला निघालेली बोट १७-१८ जुलैच्या सुमारास एडनला यावी. पुढचे सुमारे १,६५० मैल ‘साल्सेट’ला साडेतीन दिवसांचे. सावरकर मुंबईस उतरले ती तारीख २२ जुलै, वार शुक्रवार. लंडनहून निघाल्याचा, १ जुलैचा वारही शुक्रवारच होता. भर पावसाळ्यातील अरबी समुद्रातही टपालाचे वेळापत्रक बरोबर तीन आठवड्यांचे भरले.

या बोटींपैकी फार थोड्यांना म्हातारपण लाभले. पहिल्या महायुद्धात दहा ‘म’ बोटींपैकी सहा बुडाल्या. त्यांतील ‘मंगोलिया’ २३ जून १९१७ रोजी मुंबईच्या दक्षिणेस, आपल्या कोकण किनाऱ्यासमोर, जर्मन ‘वुल्फ’ने पेरलेल्या सुरुंगावर आपटली. त्यानंतर महिन्याभरात, २० जुलै रोजी, ‘साल्सेट’ला इंग्लिश खाडीत पाणबुडीने टॉर्पेडो मारला, तिचा सांगाडा आजही पोर्टलंडच्या पश्चिमेस तळाशी आहे. ‘मोरिया’ युद्धातून वाचली, पुन्हा टपालाच्या मार्गावर लागली आणि १९३० साली जपानमधील कोबे येथे मोडीत काढण्यात आली.