सही आणि साक्ष

नोकरीनिमित्त दिल्लीस आलेल्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या ट्रंकांतून नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिकाही इकडे आल्या. आज नातवंडे त्या उघडतात आणि एखाद्या पाकिटावर गायकाची सही आढळते. ती अस्सल कशावरून?

सहीचे वळण पाहण्याआधी ती कशावर आणि कशाने केली आहे, हे पाहावे. मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी निवर्तले. बॉलपेनचा प्रसार त्यानंतरचा. लाँगप्ले तबकडी तर १९४८ सालची. तेव्हा लाँगप्लेच्या वेष्टनावरील दीनानाथांची सही कितीही हुबेहूब असो, ती खोटीच. बालगंधर्व मात्र १९६७ पर्यंत हयात होते. तेथे ही कसोटी अपुरी पडते. त्यांच्या निःसंशय पत्रांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे लागते. नकली सही बहुधा सावकाश, चित्र काढावे तशी काढलेली असते. रेषेत कंप येतो, हात थांबला तेथे शाई साकळते.

यंत्रांच्या बाबतीत गंमत निराळीच. एडिसनच्या फोनोग्राफवर त्याची झोकदार सही दिसते. पण ती व्यापारचिन्ह म्हणून छापलेली! सही हातची नव्हे, यंत्र मात्र खरे असू शकते. याउलट जुन्या दिल्लीच्या बाजारात पितळी कर्ण्याचे, ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा कुत्रा मिरवणारे जे ग्रामोफोन मिळतात, त्यांतील पुष्कळ अलीकडचे असतात. पेटी नवी, कर्ण्याचे कोपर ओबडधोबड आणि आतील चावीचे यंत्र बहुधा एखाद्या मोडक्या पेटी-ग्रामोफोनातून काढलेले. कुत्र्याकडे न पाहता पेटी उघडावी, हे बरे.

तबकडीची खरी ओळख तिच्या अंगावरच असते. लेबलाशेजारील कोऱ्या पट्टीतील क्रमांक शाईने उमटवता येत नाही. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानने ध्वनिमुद्रणाच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीत, हॅनोव्हरला तयार होत, तेथील कारागिरांना गायिका कोण ते कळावे म्हणून. शाईविना केलेली ही सहीच म्हणावयाची!

आपल्याकडे मात्र चकचकीत कर्णा दिवाणखान्यात आणि तबकड्या माळ्यावर, असा प्रकार दिसतो. लाखेच्या त्या तबकड्या दिल्लीच्या जूनमध्ये वाकतात. त्या खाली आणून उभ्या ठेवाव्या. आणि पाकिटावरील सही पुसट झाली असली तरी कृपा करून गिरवू नये.