झाडापासून रेषेपर्यंत

जर्मनींतील ड्युसेलडॉर्फ येथील कलासंग्रहालयाकडे १९८० सालीं एक चित्र आलें. पांढऱ्या पटावर रंगीत कागदाच्या उभ्याआडव्या पट्ट्या चिकटवून तें सिद्ध केलेलें आहे. पीट मोंद्रियान ह्या डच चित्रकारानें तें १९४१ मध्यें केलें. त्याचें नांव ‘न्यूयॉर्क सिटी – १’. पुढें २०२२ सालीं त्याच संग्रहालयांतील एका विदुषीस असें आढळून आलें कीं, तें चित्र बहुधा उलटें टांगलें गेलें आहे. त्याच्या एका कडेला पट्ट्यांची दाटी आहे. ती खालीं नसून वर असावयास हवी होती. चित्रकाराच्या कार्यशाळेचें १९४४ मधील एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यांतहि ती दाटी वरच दिसते. चित्रावर सही नव्हती. आतां तें सुलटें करावें, तर जुन्या पट्ट्या गळून पडण्याचें भय. म्हणून तें होतें तसेंच ठेवण्यांत आलें.

ही वार्ता ऐकून पुष्कळांस हंसूं आलें. ज्या चित्राचें डोकें कोणतें व पाय कोणते हें जाणत्यांनाहि कळत नाहीं, तें चित्र कसलें? हा आक्षेप थट्टेनें उडवून देण्यासारखा नाहीं. अमूर्त चित्रापुढें उभा राहणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक मनुष्याच्या मनांत तो येतोच. त्याचें उत्तर मोंद्रियान ज्या वाटेनें चालत गेला, त्या वाटेवरच शोधलें पाहिजे.

मोंद्रियानचा जन्म ७ मार्च १८७२ रोजीं हॉलंडमधील आमर्सफोर्ट गांवीं झाला. त्याचा बाप प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक व चित्रकलेचाहि जाणता होता. चुलता निसर्गचित्रें काढीत असे. मुलानें अम्स्टरडॅमच्या कलाशाळेंत रीतसर शिक्षण घेतलें, आणि पुढें पुष्कळ वर्षें पवनचक्क्या, नद्या, शेतें व झाडें हींच रंगविलीं. ज्यास हुबेहूब चित्र काढतां येत नाहीं तो अमूर्ताकडे वळतो, ही समजूत निदान ह्याच्या बाबतींत तरी खोटी आहे.

त्याच्या झाडांच्या तीन चित्रांकडे ओळीनें पाहिलें म्हणजे सर्व उलगडा होतो. पहिलें १९०८ ते १९१० ह्या काळांतील. निळ्या अवकाशावर तांबडें पेटल्यासारखें झाड. फांद्या वेड्यावांकड्या पसरलेल्या. रंग निसर्गांतला नव्हे, पण झाड स्पष्ट ओळखूं येतें. दुसरें १९११ चें. त्या वर्षीं पिकासो व ब्राक ह्यांचीं चित्रें अम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत आलीं होतीं. ह्या झाडाचा रंग केवळ राखी. फांद्यांच्या कमानी झाल्या आहेत, आणि दोन फांद्यांमधील मोकळी जागा फांद्यांइतकीच भरीव वाटूं लागते. तिसरें १९१२ चें, मोहरलेल्या सफरचंदाच्या झाडाचें. त्यांत फूल नाहीं, पान नाहीं. उरलीं आहेत तीं केवळ वक्र रेषांचीं वळणें व त्यांचा परस्परांशीं असलेला तोल. चित्रकारानें झाड टाकून दिलें नाहीं. झाडांतील काय काढून टाकलें तरी त्याची वाढ व त्याचा तोल शिल्लक राहतो, हें तो शोधीत गेला.

१९१४ मध्यें तो पॅरिसहून स्वदेशीं गेला असतां महायुद्ध सुरू झालें, आणि १९१९ पर्यंत त्यास तेथेंच राहावें लागलें. त्या काळीं त्यानें समुद्र व धक्का ह्यांवरून चित्रें केलीं. समुद्र आडवा पसरलेला, धक्का त्यांत सरळ घुसलेला. १९१५ च्या प्रसिद्ध चित्रांत केवळ लहान लहान उभ्या व आडव्या काळ्या रेघा आहेत. तरी लाटांचें चमकणें जाणवतें. १९१७ मध्यें ‘डे स्टाइल’ हें मासिक निघालें. त्यांतील आपल्या लेखांत त्यानें आपल्या कलेस ‘अमूर्त-वास्तव’ असें नांव दिलें. हें नांव विचार करण्याजोगें आहे. वस्तु नाहींशी झाली म्हणजे वास्तव नाहींसें झालें, असें तो मानीत नव्हता. वस्तूंमधील संबंध हेंच त्याच्या मतें अधिक टिकाऊ वास्तव होय.

१९३० च्या एका चित्रांत तांबड्या रंगाचा मोठा चौरस उजवीकडे वर आहे. डावीकडे खालीं निळ्याचा लहानसा तुकडा, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यांत पिवळ्याचा त्याहूनहि लहान. पाहणाऱ्यानें निळ्या तुकड्यावर तळहात धरावा. लागलीच सर्व चित्र एका अंगास कलल्यासारखें वाटतें. तरफेच्या टोकाशीं ठेवलेलें हलकें वजन आंतल्या जड वजनास तोलून धरतें, तसाच हा प्रकार. आलाप ऐकतांना हा कशाचा आवाज, असें कोणी विचारीत नाहीं. स्वरांमधील अंतरें ऐकतो. येथेंहि अंतरेंच पाहावयाचीं.

ह्या साधनेची किंमत त्यानें चुकती केली. पोटासाठीं १९२० नंतरहि तो फुलांचीं चित्रें काढून विकीत असे. १९३७ मध्यें जर्मनीच्या नाझी सत्तेनें नव्या कलेची विटंबना करण्यासाठीं म्यूनिच येथें प्रदर्शन भरविलें, त्यांत त्याच्याहि चित्रांचा समावेश होता. १९३८ मध्यें युद्धाच्या भीतीनें त्यानें पॅरिस सोडलें; १९४० मध्यें लंडनवर बॉम्ब पडूं लागले तेव्हां त्यानें न्यूयॉर्क गांठलें. तेथेंच १ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्याचा अंत झाला. शेवटचें चित्र अपुरेंच राहिलें.

न्यूयॉर्कमध्यें त्यानें कागदी पट्ट्यांचा उपयोग आरंभिला, तो त्या उचलून पुन्हां लावतां येत म्हणून. योग्य जागा सांपडेपर्यंत तो त्या सरकवीत असे. ‘न्यूयॉर्क सिटी – १’ हें त्या शोधाचेंच अर्धवट राहिलेलें पान आहे. तें उलटें टांगलें गेलें, ही पाहणाऱ्यांची चूक खरीच. परंतु ती चूक अखेर कळली, आणि पट्ट्यांची दाटी कोठें शोभते ह्या प्रश्नापासूनच ती कळूं लागली. जेथें मुळींच नियम नसतो, तेथें वर व खालीं हा भेद तरी कोणास सुचला असता?