प्रकाशवेगाची मर्यादा आणि मराठी विज्ञानकथा

विशिष्ट सापेक्षता सिद्धांत १९०५ साली मांडला गेला आणि ताऱ्यांच्या प्रवासाची कथा रचणाऱ्यापुढे पेच उभा राहिला. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर. कोणत्याही यानास तो गाठता येत नाही. सूर्याला सर्वांत निकटचा तारा तर चार प्रकाशवर्षांहून दूर. इंग्रजी कथाकारांनी वेग वाढविण्याऐवजी अंतरच चुकविले. जॉन कॅम्बेल यांच्या १९३१ च्या कादंबरीनंतर ‘हायपरस्पेस’ची कल्पना रूढ होत गेली: यानाने नेहमीच्या अवकाशाबाहेर पडावयाचे आणि इष्ट स्थळी पुन्हा आत यावयाचे. आयझॅक अ‍ॅसिमॉव्ह यांच्या कथांतील ‘उडी’ ती हीच. युक्ती सोयीची खरी. परंतु तिच्यात स्पष्टीकरण थोडे आणि नामकरण अधिक, असे म्हणावे लागते.

मराठीत ‘केरळकोकिळ’ मासिकाने ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर १९०० च्या सुमारास दिले. चंद्रापर्यंतचे अंतर प्रकाश सव्वा सेकंदात तोडतो. तेथे हा पेच उद्भवतच नाही. पुढे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ कथेस प्रथम पारितोषिक मिळाले. लेखक होते डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५). स्वतःची आद्याक्षरे उलटून त्यांनी ते नाव घडविले होते. प्रखर गुरुत्वाकर्षणाजवळ घड्याळ मंदावते, या नियमावर कथा उभी आहे. येथे प्रकाशाची मर्यादा अबाधित राहते आणि काळ लवचीक होतो.

नारळीकरांस दुसरा मार्ग अपरिचित होता, असे मात्र नव्हे. प्रकाशाहून वेगवान कणांची शक्यता बिलानिउक, देशपांडे आणि सुदर्शन यांनी १९६२ साली मांडली होती. १९६७ मध्ये जेराल्ड फाइनबर्ग यांनी त्या कणांस ‘टॅकिऑन’ नाव दिले. टॅकिऑन आणि विश्वरचना यांवर नारळीकर व सुदर्शन यांचा संयुक्त शोधनिबंध १९७६ चा आहे. परंतु या कल्पनेतही सीमा दोन्ही बाजूंनी बंदच असते: टॅकिऑन प्रकाशवेगापर्यंत मंदावू शकत नाही आणि सामान्य द्रव्य त्या वेगापर्यंत चढू शकत नाही. यानाला त्याचा उपयोग काय?

येथे भागवतातील ककुद्मी राजाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. कन्या रेवतीसाठी वर विचारावयास तो ब्रह्मलोकी जातो, गायन संपेपर्यंत क्षणभर थांबतो आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात. पुराणकारांस सापेक्षता ठाऊक होती, असा निष्कर्ष यावरून काढणे हा निव्वळ उतावळेपणा होय. त्या आख्यानात ना नियम आहे, ना गणित. मात्र परतलेल्या प्रवाशाला आपले जग न सापडणे ही घटना मराठी वाचकास कथा म्हणून परकी नव्हती, एवढे म्हणण्यास जागा आहे.

शब्दांचा पुरावाही विचारात घ्यावयास हवा. अतिवेगासाठी भाषेत ‘मनोवेग’ हा जुना शब्द होता; त्यावरून ‘हायपरस्पेस’ला प्रतिशब्द रूढ झाला नाही. ‘वार्प’ आणि ‘टॅकिऑन’ हेही लिप्यंतरितच राहिले. ‘कृष्णविवर’ हा घडविलेला शब्द मात्र पाठ्यपुस्तकांत आणि वृत्तपत्रांत स्थिरावला.